विडी घरकुलातली चादर आणि तिला मिळालेलं अनुदान

कलाकार आणि वस्ती यांनी मिळून काहीतरी उभं करावं, यासाठी मिळणारं एक अनुदान मी घेतलं. काम झालं, हिशेब गेला, शेवटचा हप्ताही जमा झाला. त्यामुळे आता मोकळेपणानं लिहिता येईल. सोलापूर, बार्शी, अक्कलकोटकडचे चित्रकार, नाटकवाली मुलं, दोन-तीन शाहीर मला विचारत असतात की अशा अनुदानासाठी अर्ज करावा का. करावा, असंच माझं उत्तर आहे. पण सही करण्याआधी बजेटचा तक्ता ओळ न् ओळ वाचावा. कोणाच्या वेळेला किंमत आहे आणि कोणाच्या नाही, हे त्या तक्त्यात ठरतं. बाकी माहितीपत्रकात कितीही सुंदर लिहिलेलं असो.

देणारं प्रतिष्ठान मुंबईतलं, खासगी. नाव लिहीत नाही. ज्या अडचणी मी सांगणार आहे त्या एकट्या त्यांच्या नाहीत. या प्रकारच्या बहुतेक अनुदानांची घडण तशीच आहे, आणि काही बाबतींत हे प्रतिष्ठान इतरांपेक्षा बरंच बरं निघालं.

मी इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माझी आई विड्या वळायची. विडी कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर माझी वह्या-पुस्तकं आली, रंगपेटीही त्यातूनच. दुसऱ्याच्या पैशातून माणूस कसा उभा राहतो हे मला ठाऊक आहे, म्हणून अनुदान या गोष्टीबद्दल माझ्या मनात अढी नाही. उलट ते नीट दिलं जावं अशी तळमळ आहे.

आमचं काम कुंभारीच्या विडी घरकुलातलं. बाहेरच्यांसाठी सांगते: सोलापूरच्या पूर्वेला, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला, गोदूताई परुळेकर यांच्या नावानं महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत आहे. २००६ साली तिथल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. अलीकडे, जानेवारी २०२४ मध्ये, कुंभारीतच रे नगर या कामगारांच्या नव्या वसाहतीतल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं वाटप झालं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, कोपऱ्यावरच्या दुकानात कन्नड नाहीतर दखनी, असा सगळा कारभार. आई विड्या वळते, बाप किंवा मुलगा यंत्रमागावर जातो, अशी घरं इथं दारोदार सापडतात.

आमची कल्पना तिथूनच निघाली. सोलापुरी चादर सगळ्या देशात जाते, तिला भौगोलिक मानांकन आहे. पण तिच्यावरचा मोर, फुलं, चौकडा ठरवणारी माणसं वेगळी. मागावरच्या माणसाच्या घरातल्या बाईनं काढलेलं चित्र चादरीवर आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. विडी वळणाऱ्या बायकांनी स्वतः डिझाइन करायचं, ते जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागावर विणून घ्यायचं आणि त्या चादरी घरकुलातच सगळ्यांना बघायला मिळाव्यात, एवढा आमचा बेत.

यासाठी पैसे कुठून आणायचे, हे शोधताना जे कळलं ते आधी सांगते, कारण अनेकांची सुरुवातच चुकीच्या दारातून होते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनिअर आणि सीनिअर फेलोशिप आहे. ज्युनिअरला महिन्याला दहा हजार, सीनिअरला वीस हजार, दोन वर्षांसाठी. चांगली आहे, पण ती एकट्या माणसाच्या अभ्यासाला. वस्तीला तिच्यात जागा नाही. मंत्रालयाचंच कार्यक्रम आणि निर्मितीसाठी अनुदान आहे, त्यात साधारण पाच लाखांपर्यंत मिळू शकतात. ते मात्र नोंदणीकृत संस्थेला, आणि त्यासाठी स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी हवी. महाराष्ट्र नागपूरच्या दक्षिण मध्य आणि उदयपूरच्या पश्चिम अशा दोन्ही सांस्कृतिक केंद्रांच्या क्षेत्रात येतो. तिथून महोत्सव होतात, कलावंतांना बोलावणी येतात. राज्याची वयोवृद्ध कलावंतांसाठीची मानधन योजना म्हणजे उतारवयातला आधार, नव्या कामासाठी ती नाहीच. कंपनी कायदा २०१३ नं मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं आणि त्या यादीत कला, वारसा, हस्तकला आहेत. सोलापुरातही असे पैसे येतात. पण ते एका चित्रकला शिक्षिकेच्या हातात पडत नाहीत, मध्ये नोंदणी झालेली संस्था लागतेच.

राहिली खासगी प्रतिष्ठानं. त्यातलं सगळ्यात ठाऊक असलेलं बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. १९९३ मध्ये स्थापन झालं, १९९५ पासून अनुदानं देतं, आणि अर्ज कोणत्याही भारतीय भाषेत चालतो. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांचा अर्ज इंग्रजीतच भरायचा होता, प्रत्येक रकान्याला शब्दमर्यादा. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं तो करून दिला. ती नसती तर आमची कल्पना कुंभारीतच राहिली असती. कल्पना तीच, माणसं तीच, फक्त इंग्रजी येणारं कोणी ओळखीचं आहे की नाही यावर पैसे मिळणं ठरावं हे मला अजिबात पटत नाही.

अर्जानंतरची मुलाखत मात्र फार चांगली झाली. व्हिडिओवर तिघं होते. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "ही इच्छा तुमची की त्यांची?" मी खरं ते सांगितलं: कल्पना मी मांडली, पण बायकांबरोबर अजून नीट बसणं झालेलं नाही. मला वाटलं आता संपलं. तर त्यांनी उलट काम दोन टप्प्यांत तोडलं. पहिल्या टप्प्यात काहीही बनवायचं नाही. जायचं, बसायचं, ऐकायचं आणि मग ठरवायचं की चादर करायची की दुसरं काही. त्या टप्प्यालाही पैसे. हातात दाखवायला काही नसताना कोणी पैसे दिलेत असं माझ्या माहितीत दुसरं उदाहरण नाही. या एका गोष्टीसाठी मी त्या प्रतिष्ठानाला मनापासून मानते. सगळं मिळून रक्कम तीन लाखांच्या आतबाहेर होती. सोलापुरात एवढ्यात बरंच काही होतं.

आता तक्ता. कलाकाराचं मानधन, साहित्य, प्रवास, फोटो आणि चित्रीकरण, पुस्तिका, प्रदर्शन, हिशेब तपासनीस, चहापान. एवढे रकाने. ज्या बायका चित्रं काढणार त्यांच्यासाठी एकही रकाना नाही. समाज येतो, भाग घेतो, आनंद घेतो आणि घरी जातो, असं त्यात गृहीत धरलेलं.

पहिल्याच बैठकीत एका थोरल्या अक्कांनी मांडीवरचं सूप न सोडता मला विचारलं, "बाई, तुमचं काम चांगलं हाय. पण मी इथं बसले तर सूप रिकामं ऱ्हातंय. त्याचं काय?"

हा प्रश्न कळायला विडीचं काम जवळून बघावं लागतं. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, नाहीतर वळताना फाटतात. सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पान कापायचं, शिरा वाचवत. सुपात एका बाजूला तंबाखू, एका बाजूला पानं. कापलेल्या पानात चिमूट तंबाखू, बोटांनी गुंडाळी, दोऱ्याचे दोन वेढे, तोंड दुमडून नखानं आत. हे हजार वेळा. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. दिवसभर बसून हजार होतात, हात चांगला असेल तर थोड्या जास्त, वय झालं की कमी. कारखान्याच्या शाखेत नेल्या की तपासणीत काही छाट निघतात, त्याचे पैसे नाहीत. म्हणजे अर्धा दिवस माझ्याकडे चित्र काढायला आलेली बाई अर्ध्या हजार विड्यांची मजुरी सोडून येते. कलाकाराला मानधन आहे, कॅमेरावाल्याला आहे, हिशेब तपासनिसाला आहे. ज्यांच्या हातांवर सगळं उभं आहे त्यांनीच तेवढं पदरचं घालायचं. माझी आई अशा बैठकीला आली असती का? नसतीच आली, आणि तिचं बरोबरच असतं.

एका जाणकारानं सुचवलं की चहापानात दाखवा, सगळे असंच करतात. मला ते मान्य नव्हतं. मजुरीला चहा म्हणून लिहायचं म्हणजे ती कागदावर कधी दिसणारच नाही, आणि पुढच्या माणसालाही चहापानातच लपवावी लागणार. मी प्रतिष्ठानाला पत्र लिहिलं. हजाराचा हिशेब मांडला, बैठका किती होतील त्याचा अंदाज दिला आणि स्पष्ट लिहिलं की यासाठी पैसे नसतील तर दुसरा टप्पा करणार नाही.

बरेच दिवस काही नाही. मग त्यांची एक कार्यक्रम अधिकारी स्वतः सोलापूरला आली. वय जेमतेम तिशीचं असेल. मी तिला हुतात्मा एक्स्प्रेसवरून उतरवून घेतलं आणि थेट घरकुलात नेलं. ती त्या अक्कांच्या उंबऱ्यावर बसली, हातात पान घेऊन वळून बघितलं, जमलं नाही. पण तिनं वही काढून प्रत्येकीला विचारलं: किती वाजता बसता, किती वाजता उठता, शाखेत कधी जाता, पैसे कधी मिळतात. जाताना मला म्हणाली, "मॅडम, मी हे वर मांडते, पण एकूण रक्कम वाढणार नाही." नाही वाढली. आम्ही पुस्तिका काढून टाकली, चित्रीकरण निम्म्यावर आणलं, आणि त्या पैशांतून सहभाग मानधन असा नवा रकाना तयार झाला. चकचकीत पुस्तिकेचं मला आजही काही वाटत नाही.

दर किती, हे बायकांनीच ठरवावं असं मी सांगितलं. त्या बैठकीत बरीच खडाजंगी झाली. एकीचा हात भरभर चालतो, ती म्हणाली माझं नुकसान जास्त. दुसऱ्या एकीची नजर गेलेली, तिच्या विड्या आता पाचशेच्या पुढे जात नाहीत, तिला किती द्यायचे? तेलुगूत, मराठीत, मध्येच कन्नडमध्ये, सगळं एकदम. शेवटी ठरलं ते असं: अर्ध्या दिवसाला अर्ध्या हजाराची मजुरी, सगळ्यांना सारखी, हात मंद असला तरी. भरभर वळणारीनंच ते शेवटी मांडलं. पैसे रोख हवेत, त्याच दिवशी हवेत, हेही त्यांनीच ठरवलं. कारण ज्या मोबाईलवर पैसे येतात तो अनेकींच्या घरी मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात असतो. प्रतिष्ठानाच्या हिशेब विभागाला रोखीचा व्यवहार आवडला नाही. आम्ही नाव, तारीख, रक्कम, सही किंवा अंगठा अशी वही ठेवली, प्रत्येक बैठकीनंतर तिचा फोटो पाठवला. मग त्यांनी धरलं. तुम्ही असं काम करणार असाल तर ही वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

पैशाचा प्रश्न मिटल्यावर काम काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर अनुदानाची सगळी चर्चा कोरडीच राहते.

पहिल्या काही बैठकांत कागदावर मोर, कमळ, स्वस्तिक आलं. चादरीवर जे असतं तेच. मग एकीनं सूप काढलं. दुसरीनं टँकरभोवतीच्या घागरी. एकीनं शाखेतलं टेबल आणि विड्या तपासणारा हात, नुसता हात, माणूस नाही. ज्या अक्कांनी मला पहिला प्रश्न विचारला होता त्यांनी कधी पेन्सिल धरलेली नव्हती. त्यांनी कापलेलं पानच कागदावर ठेवलं, कडेनं रेघ मारली, उचलून शेजारी ठेवलं, परत रेघ. पूर्ण कागद तसा भरला.

मग ते सगळं ग्राफवर आणायचं. जेकार्डमध्ये ग्राफचा प्रत्येक चौकोन म्हणजे दोरा वर उचलायचा की खाली ठेवायचा याचा हुकूम. त्याप्रमाणे कार्डाला भोकं पडतात, कार्डं ओवून मागाच्या डोक्यावर चढतात आणि बाण्याच्या, म्हणजे आडव्या दोऱ्याच्या, प्रत्येक ओळीला एक कार्ड पुढे सरकतं. आता बऱ्याच ठिकाणी हे संगणकावर होतं, पण आम्हाला ज्यांनी मदत केली ते मास्तर जुन्या कार्डांचे. त्यांनी सगळी चित्रं चटईवर पसरून बघितली. टँकर बाजूला ठेवला, म्हणाले गोल रेघ मागावर पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, चाक बिघडणार. अक्कांचा कागद हातात घेतला आणि बराच वेळ ठेवलाच नाही. सरळ कडा, एका बाजूला जरा निमुळता आकार, शेजारी-शेजारी. "हे बसतंय," एवढंच बोलले. ती चादरीची चौकट झाली. मध्ये सूप, चारी बाजूंनी पानांच्या रांगा. टँकरसुद्धा नंतर घेतला, चाकं चौकोनी करून. ज्या बाईनं काढला होता तिनंच ती चौकोनी केली.

सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, उलट्या बाजूला रंगांची अदलाबदल होते. पहिली चादर मागावरून उतरली तेव्हा सुलट बाजूला गडद पार्श्वभूमीवर फिकी पानं होती आणि उलट्या बाजूला फिक्यावर गडद. बायकांनी उलटी बाजू हीच खरी म्हणून ठरवलं. ओलं पान असंच गडद दिसतं, त्यांचं म्हणणं. मी इतकी वर्षं चित्रकला शिकवते, मला हे सुचलं नसतं. प्रदर्शनात चादरी तशाच टांगल्या.

आता तक्रारी. हप्ते. पहिला हप्ता वेळेवर आला, दुसरा हिशेब मंजूर झाल्यावर, तिसरा अंतिम अहवाल आणि तपासलेल्या हिशेबानंतर. ऐकायला ठीक वाटतं. प्रत्यक्षात सुताला आणि कार्डांना आगाऊ पैसे लागतात, मागाचा मालक दुसरी ऑर्डर थांबवून आपलं काम घेतो, त्याला महिनाभर थांब म्हणता येत नाही. दुसरा हप्ता मार्चअखेरच्या गडबडीत अडकला. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो, पत्र्याखालच्या मागावर काम करणाऱ्यांचे हाल होतात आणि घरोघरी लग्नसराई. त्या दिवसांत पैसे येऊनही उपयोग नव्हता. मधला खर्च मी पगारातून भागवला. मला पगार आहे म्हणून भागला. ज्या लोककलावंताला नाही त्यानं काय करायचं? देणाऱ्यांनी सत्तर टक्के तरी आधी द्यावेत, हे मी अहवालातही लिहिलं आहे. टीडीएसचंही, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराचंही, आधीच विचारून घ्या: तो तुमच्या मानधनावर कापणार की सुताच्या पैशांसकट सगळ्या रकमेवर. पुढे विवरणपत्र भरून जास्तीचा कापलेला परत मिळतो, पण तोवर काम अडतं.

दुसरी तक्रार प्रश्नावलीची. प्रत्येक बाईकडून सुरुवातीला आणि शेवटी भरून घ्यायची. आत्मविश्वास एक ते पाचमध्ये किती, कुटुंबात मान किती. पोलिसांच्या लाठ्या खाल्लेल्या, युनियनच्या मोर्च्यात पुढे चाललेल्या, स्वतःच्या नावावर घर मिळवलेल्या बायकांना हे विचारायची मला लाज वाटली. मी ती भरून घेतली नाही. त्याऐवजी त्यांनी चादरीबद्दल काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून, तेलुगूचं मराठी करून पाठवलं. कार्यक्रम अधिकारीनं ते सांभाळून घेतलं.

तिसरी गोष्ट मालकीची, आणि हिच्याबद्दल कोणीच काही सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. करारात होतं की कामाचे हक्क कलाकाराकडे राहतील. कलाकार म्हणजे मी. पानांची चौकट मी काढलेली नाही. मी जोडपत्र करून घेतलं की डिझाइनं काढणाऱ्या सगळ्या बायका आणि मी, अशी सामायिक मालकी. त्याला प्रतिष्ठानानं लगेच होकार दिला. पण खरा प्रश्न पुढे होता. एका चादर व्यापाऱ्याला चौकट आवडली, त्याला मोठी ऑर्डर काढायची होती. आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील वकील आहेत, त्यांनी सांगितलं ते असं: कापडावरच्या अशा डिझाइनची डिझाइन्स कायदा २००० खाली नोंदणी होऊ शकते. ती केली नाही आणि हक्कदारानं किंवा त्याच्या परवानगीनं दुसऱ्यानं यंत्रावर त्या डिझाइनच्या पन्नासपेक्षा जास्त प्रती काढल्या, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यातला कॉपीराइटच संपतो. म्हणजे एक्कावन्नाव्या चादरीनंतर अक्कांच्या पानांवर अक्कांचा हक्क राहत नाही. शिवाय नोंदणीचा अर्ज डिझाइन लोकांसमोर येण्याआधी करावा लागतो, नंतर ते नवं धरलं जात नाही. आम्ही प्रदर्शनाच्या आधी अर्ज केला. नोंदणी मिळाली की दहा वर्षं चालते, पुढे पाच वर्षं वाढवता येते. याचा खर्च अनुदानात बसत नाही असं उत्तर आलं. जे अनुदान कारागिरांच्या आणि कामगारांच्या बरोबर काम करायला दिलं जातं, त्यात हा खर्च पहिल्या पानावर असायला हवा. कलाकाराचं नाव होतं, तो पुढच्या कामाला लागतो. वस्तीकडे मागे उरणारी गोष्ट म्हणजे हा हक्कच.

मुदतीबद्दलही बोलायला हवं. एक वर्ष फार कमी आहे. कलाकार नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरच्या कोंडागावात तिथल्या कलाकारांबरोबर हातपंपांभोवतीचे नळपार आणि मुलांसाठीची पिल्ला गुडी उभी केली. ते काम वर्षानुवर्षं तिथं राहून, पुन्हा पुन्हा जाऊन झालेलं आहे. वर्षाच्या मुदतीत ओळख होते आणि ओळख झाली की अहवालाची तारीख येते. आमचं निभावलं कारण मी इथलीच, काम संपल्यावरही घरकुलात जाते. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या कलाकाराला हे जमणं अवघड आहे, मग त्याची इच्छा कितीही असो.

प्रदर्शन घरकुलात व्हावं हा बायकांचा आग्रह. नवरात्रात, बतुकम्मा या तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाच्या दिवसांत, जेव्हा सगळ्या माहेरवाशिणी आलेल्या असतात आणि संध्याकाळी फुलांच्या भोवती फेर धरला जातो. दोन घरांमध्ये दोऱ्या बांधून चादरी टांगल्या, दिवे लावले. गर्दी एवढी झाली की मुलांना आवरावं लागलं. विडी शाखेतले तपासणारे काका आपल्या हाताची चादर बघायला आले आणि बायकांसमोर बराच वेळ उभे राहिले. प्रतिष्ठानाला मुंबईतही प्रदर्शन हवं होतं, ते लहान स्वरूपात झालं. त्यासाठी त्यांनी बायकांच्या प्रवासाचे, राहण्याचे आणि बुडालेल्या दिवसांचे पैसे, आम्ही न मागता, वेगळे दिले. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं आरक्षण त्यांनीच केलं. हे मी ठळकपणे नोंदवते, कारण आधीच्या पत्राचा तो परिणाम होता असं मला वाटतं.

पाचपैकी किती, असं विचाराल तर साडेतीन. मुलाखत, पहिला टप्पा आणि त्या कार्यक्रम अधिकारीसाठी पूर्ण गुण. भाषा, हप्ते आणि प्रश्नावली यांनी ते खाली आणले. सोलापूरकडून अर्ज करणार असाल तर माझं बदललेलं बजेट आणि हक्कांचं जोडपत्र मी देईन, नावं खोडून. वही कशी ठेवायची तेही दाखवीन.

त्यांचा यंदाचा नवा अर्ज आला आहे. त्यात सहभाग मानधनाचा रकाना छापील आहे, पण एकूण रकमेच्या दहा टक्क्यांची कमाल मर्यादा घालून. दहा टक्क्यांत घरकुलातल्या बैठकांचा निम्माही खर्च भागला नसता. मी तसं त्यांना लिहिलं आहे, सोबत आमच्या वहीची पानं जोडून. या वेळच्या पत्रावर बायकांच्याही सह्या आहेत.